बिनतारी भरवसा

मराठीत काही वस्तू आपण होऊन जातात. दिवे जातात, नळाचे पाणी जाते, एसटी जाते, पाऊस जातो आणि अलीकडे नेटही जाते. ‘नेट गेले’ हे वाक्य आज महाराष्ट्रात जितक्या वेळा उच्चारले जात असेल, तितक्या वेळा ‘नमस्कार’सुद्धा उच्चारला जात नसेल. व्याकरणदृष्ट्या या वाक्यात कोणतीही उणीव नाही. कर्ता आहे, क्रियापद आहे, प्रयोग कर्तरी आहे. पण भाषेच्या अध्यापकाला त्यात एक गोम दिसते. ज्याला आपण कर्ता म्हणून उभे केले आहे, तो बिचारा या प्रकरणात नुसता गेलेला आहे. त्याला घालवले कोणी, कुठून घालवले, किती वाजता घालवले आणि किती वेळासाठी, यातले एक अक्षर ते वाक्य सांगत नाही. म्हणूनच ते इतके लोकप्रिय आहे. त्यात कोणावर आरोप नाही आणि कोणावर जबाबदारीही नाही.

पूर्वी तारेचा जमाना होता तेव्हा निदान तार तुटलेली दिसे. वादळात लिंबाची फांदी पडली की तार तिच्याबरोबर लोंबे, पोरे तिच्याभोवती जमत आणि सगळ्या गावाला दोष कुठे आहे ते डोळ्यांनी समजे. रेडिओ आला तो बिनतारी. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. पण तोही आपला दोष लपवीत नसे. आकाशात ढग जमले की खरखर वाढे, रात्री दूरचे एखादे केंद्र आपल्या केंद्रावर चढून बसे आणि बातम्यांच्या मध्येच कोणाचे तरी गाणे ऐकू येई. ऐकणारा कानाने अंदाज बांधी, हाताने चक्री फिरवी आणि अर्धेमुर्धे ऐकून पुरे समजून घेई. आजच्या बिनतारी नेटाला ही खरखर नाही. मजकुराचे लहान लहान तुकडे करून तो पाठवला जातो. त्या तुकड्यांना पॅकेट म्हणतात. पॅकेट पोचते तर पुरते पोचते, नाहीतर मुळीच पोचत नाही. हरवलेले पॅकेट यंत्र मुकाट्याने पुन्हा मागवते, आणि आपल्याला पडद्यावर नुसते एक चाक गरगर फिरताना दिसते. आजारी माणूस कण्हत नसला म्हणजे वैद्याचे काम अवघड होते, त्यातलाच हा प्रकार.

आता हे सारे मी पोखर्णीला बसून लिहितो आहे, आणि पोखर्णी म्हटले की परभणी जिल्ह्यातल्या माणसाला नृसिंह आठवतो. रेल्वेनेसुद्धा आमच्या स्टेशनाच्या नावात देवाला जागा दिली आहे. परभणी-परळी मार्गावरच्या त्या फलकावर ‘पोखर्णी नृसिंह’ असेच लिहिलेले असते. हिरण्यकशिपूने मागितलेला वर सर्वांना ठाऊक आहे. घरात मरण नको, बाहेर नको. दिवसा नको, रात्री नको. देवाने मग तिन्हीसांजेची वेळ आणि उंबरठ्याची जागा निवडली आणि तो प्रकटला खांबातून. गेल्या काही महिन्यांत ही कथा मला फार जवळची वाटू लागली आहे. कारण आमच्या घरचे नेट जात असे ते बहुधा तिन्हीसांजेला, आणि घरातले म्हणत की दोष बाहेर आहे, बाहेरचे म्हणत की दोष घरात आहे. खांबाची उणीवही नव्हती. गच्चीवर लोखंडी नळीचा एक खांब आहे आणि त्यावर नेटवाल्याने बसवलेली अँटेना आहे.

प्रश्न चैनीचा असता तर मी त्यावर दिवाळी अंकाची पाने खर्ची घातली नसती. माझी पुतणी पुण्याच्या एका कंपनीसाठी घरच्या संगणकावर काम करते. दूरच्या ग्राहकांच्या तक्रारी ऐकायच्या, टिपून घ्यायच्या आणि योग्य त्या टेबलाकडे पाठवायच्या, असे तिचे काम. वहिनी दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळून आहेत. दादांचे वय झाले आहे. त्यामुळे पोरीने पुण्याला जाणे शक्य नाही, आणि तिच्या पगारावाचून औषधपाणी निभणे कठीण. नेट गेले की तिकडच्या यंत्रात तिची नोंद ‘गैरहजर’ अशी होई. नेट गेले असे ती सांगे; पण वर म्हटल्याप्रमाणे ते वाक्य पुरावा म्हणून अगदीच निकामी. शेवटी कंपनीने सौम्य शब्दांत कळवले, की महिनाभरात जोडणीची खात्री द्या, नाहीतर पुण्याला येऊन काम करा.

खात्री द्यायची म्हणजे काय द्यायचे? नेटवाला म्हणे, “सर, आमच्याकडून लाइन एकदम ओके आहे.” तो आपल्या मोबाइलवर वेग मोजून दाखवी आणि आकडा खरोखरच चांगला येई. दादा म्हणत, हे लोक लबाड आहेत. पुतणी म्हणे, “काका, तो येतो सकाळी अकराला. अकराला सगळंच ओके असतं.” या पोरीच्या वाक्यात सारे शास्त्र आले होते. वेग हा त्या क्षणाचा गुण आहे. भरवसा हा काळाचा गुण आहे. तो एका भेटीत मोजता येत नाही.

मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. पावसाळा संपला की वर्तमानपत्रात छापून येते, की जिल्ह्याने पावसाची सरासरी गाठली. वाचणारा कपाळाला हात लावतो. कारण जूनमध्ये चार दिवस धो धो झाला, सप्टेंबरात नदी-नाले भरून वाहिले आणि मध्ये ऐन फुलोऱ्यात तीन आठवडे थेंब पडला नाही. सरासरी गाठली गेली आणि सोयाबीन वाळून गेले. आपल्याकडे याला ‘पावसाचा खंड’ असा नेमका शब्द आहे, आणि पिकाचे भवितव्य पावसाच्या बेरजेपेक्षा या खंडावरच ठरते. नेटाचेही तसेच आहे. महिन्याचा सरासरी वेग किती, यापेक्षा खंड किती पडले, केव्हा पडले आणि प्रत्येक किती लांबला, हे विचारले पाहिजे.

खंड मोजायचे साधन फार जुने आणि फुकट आहे. त्याचे नाव पिंग. अमेरिकेत लष्कराच्या एका प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माइक म्यूस नावाच्या माणसाने डिसेंबर १९८३ मध्ये हा लहानसा प्रोग्राम लिहिला. जाळ्यात कुठेतरी काहीतरी बिघडले होते आणि ते शोधायला त्याला हत्यार हवे होते. पाणबुड्या शोधणारी जहाजे पाण्यात आवाज सोडतात आणि त्याचा प्रतिध्वनी किती वेळाने येतो ते पाहतात. त्या आवाजावरून त्याने हे नाव घेतले. म्यूस २००० साली मोटार अपघातात वारला, पण त्याचे हत्यार आज जवळजवळ प्रत्येक संगणकात असते. संगणक एक छोटे पॅकेट पाठवतो. त्याचा अर्थ एवढाच, की ‘आहेस का?’ पलीकडचे यंत्र ‘आहे’ म्हणून तेच परत पाठवते. जाण्यायेण्याला किती वेळ लागला तो सेकंदाच्या हजाराव्या भागात, म्हणजे मिलिसेकंदात, लिहून येतो. उत्तर आले नाही तर वाट पाहण्याची मुदत संपली असे येते. अंधाऱ्या विहिरीत खडा टाकून पाणी किती खोल आहे ते ऐकावे, त्यातलाच हा प्रकार.

पण एकाच विहिरीत खडे टाकून भागत नाही. ‘आहेस का?’ हा प्रश्न तीन ठिकाणी विचारावा लागतो. पहिला आपल्याच घरातल्या राऊटरला. त्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असा असतो. दुसरा, गच्चीवरच्या अँटेनापलीकडे, नेटवाल्याच्या पहिल्या यंत्राला. पंढरीच्या वाटेवर दिंडीचे मुक्काम असावेत तसे पॅकेटच्या वाटेवरचे मुक्काम दाखवणारी आज्ञा संगणकात असते. तीत हा पत्ता सापडतो. तिसरा, दूरच्या एखाद्या नामांकित यंत्राला. आम्ही ८.८.८.८ हा गूगलचा पत्ता घेतला. ही सार्वजनिक सेवा डिसेंबर २००९ पासून चालू आहे. येथे एक मौज सांगण्यासारखी आहे. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे मिलिसेकंदाला दोनशे. तीस मिलिसेकंदांत उत्तर आले, तर ते जाऊन-येऊन सहा हजार किलोमीटरच्या आतलेच असले पाहिजे. म्हणजे उत्तर देणारा अमेरिकेत बसलेला नाही. एकाच पत्त्याची अनेक यंत्रे जगभर ठेवलेली आहेत आणि आपल्याला जवळचे उत्तर देते. नुसत्या घड्याळाच्या काट्यावरून हे पोखर्णीत बसून कळते, याचे मला अजूनही नवल वाटते.

तीन उत्तरांचा अर्थ लावायला पंडित लागत नाही. राऊटरच बोलत नसेल तर दोष घरात. राऊटर बोलतो पण नेटवाला बोलत नाही, तर दोष उंबरठ्यावर, म्हणजे गच्चीच्या खांबापासून टॉवरपर्यंत. दोघे बोलतात आणि दूरचा बोलत नाही, तर दोष गावाच्या शिवेबाहेर. मात्र कामाच्या गर्दीत काही यंत्रे पिंगाला उत्तर देणे टाळतात. म्हणून एकट्या दूरच्या पत्त्याच्या मौनावर कोणाला दोषी ठरवू नये. दुसरा एखादा पत्ताही विचारून पाहावा.

पुतणीने दहा-बारा ओळींचा एक प्रोग्राम लिहिला. दर दहा सेकंदांनी तिन्ही ठिकाणी प्रश्न जायचा आणि तारीख, वेळ, उत्तर अशी ओळ फाइलमध्ये उतरायची. दर दहा सेकंदांनी म्हणजे दिवसाला प्रत्येक पत्त्याच्या ८,६४० नोंदी. दादांनी हा आकडा ऐकून विचारले, “इतके नाम घेतले असते तर देव पावला असता ना?” मी म्हटले, येथेही नामच चालू आहे, फरक इतकाच की ‘ओ’ आली की नाही हे आपण लिहून ठेवतो आहोत.

नव्याण्णव टक्के हा शब्द ऐकायला किती भारदस्त वाटतो! परीक्षेत नव्याण्णव टक्के मिळाले तर पेढे वाटतात. पण चोवीस तास चालणारी जोडणी नव्याण्णव टक्के चालली, याचा अर्थ ती रोज चौदा मिनिटे चोवीस सेकंद बंद होती. महिन्याचे ते सात तास बारा मिनिटे होतात. शंभरात एकाऐवजी हजारात एक नागा धरला तर दिवसाचा खंड सुमारे दीड मिनिटावर येतो. आणि ही चौदा मिनिटे कशी वाटली गेली, यावर सारे अवलंबून आहे. दिवसभरात एकेका सेकंदाने विखुरली तर चित्रपट पाहणाऱ्याला पत्ताही लागणार नाही, कारण चित्र आधीच पुढचे साठवून ठेवलेले असते. तीच चौदा मिनिटे एकगठ्ठा मुलाखतीच्या वेळी आली, तर एखाद्याची नोकरी गेली. शिवाय उत्तर येणे आणि वेळेवर येणे यांतही अंतर आहे. बोलण्याच्या कामाला एका दिशेने दीडशे मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर चांगला चालतो, असा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचा दंडक आहे. उशीर त्याहून फार वाढला की दोन्हीकडची माणसे एकदम बोलतात, एकदम थांबतात, आणि दोघांनाही वाटते की समोरचा उद्धट आहे.

नोंदींच्या बाबतीत आणखी एक पथ्य आहे, आणि ते मला माझ्या व्यवसायाने शिकवले आहे. जुन्या पोथ्यांचे संपादन करताना एखादे पान त्रुटित आढळते. संपादक तेथे ‘कवीने येथे काही लिहिले नाही’ असे म्हणत नाही. ‘पान गहाळ आहे’ असे म्हणतो. या दोन विधानांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. आमच्याकडे वीज जाते. वीज गेली की संगणकच बंद पडतो आणि प्रश्न विचारणाराच उरत नाही. त्या वेळच्या नोंदी कोऱ्या राहतात. त्या कोऱ्या जागेला ‘नेट गेले’ म्हणणे म्हणजे गहाळ पानावरून कवीची परीक्षा करणे होय. उत्तर न येणे वेगळे आणि प्रश्नच न विचारला जाणे वेगळे. म्हणून वही ठेवणाऱ्याने विजेचा रकाना निराळा ठेवावा. आम्ही राऊटर, अँटेना आणि संगणक इन्व्हर्टरवर घेतले, तेव्हा या दोन जातींचे खंड एकमेकांपासून सुटे झाले.

तीन आठवड्यांनी वही बोलू लागली. मोठे दप्तर वाचायचे तंत्र असे, की सगळ्या ओळी वाचायच्या नाहीत. न बोललेल्या ओळी तेवढ्या काढायच्या आणि तासांप्रमाणे मांडायच्या. मांडल्या तेव्हा तीन ढीग झाले.

पहिला ढीग घरातला होता. आमचे घर माळवदाचे. भिंती दगड-मातीच्या, दोन-अडीच हात रुंद. उन्हाळ्यात गारवा देतात आणि लहरी गिळतात. पावसाळ्यात भिंत ओल धरते तेव्हा तर अधिकच. राऊटर दिवाणखान्यात, पुतणीची खोली दोन भिंती पलीकडे, आणि मध्ये लोखंडी कपाट. लहरीची ताकद संगणक उणे आकड्यांत दाखवतो. उणे पन्नास म्हणजे उत्तम, उणे ऐंशी म्हणजे आता जीव जातो की मग जातो. हा फरक नुसता तिसाचा दिसतो, पण हे माप असे आहे की दर दहाला ताकद दसपट घटते. म्हणजे पन्नास आणि ऐंशी यांत फरक हजारपटीचा. कपाट हलवले, राऊटर दाराच्या रेषेत उंचावर ठेवला, आणि अखेर राऊटरपासून संगणकापर्यंत सरळ एक केबल टाकली. पहिला ढीग त्या दिवसापासून नाहीसा झाला. बिनतारी दुखण्यावर रामबाण उपाय तारेचाच निघाला, याला काय म्हणावे? तार शंभर मीटरपर्यंत सुखाने चालते आणि बाजारात ती मिठाईपेक्षा स्वस्त पडते. ज्यांचे काम एका जागी बसून करायचे आहे, त्यांनी वायफायच्या नादी न लागता हीच टाकावी.

ज्या घरांत तार टाकणे जमत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. वायफायचा जुना आणि लांब जाणारा पट्टा २.४ गिगाहर्ट्झचा. एके काळी घरात रेडिओ ठेवायलाही पोस्टातून परवाना घ्यावा लागे. हा पट्टा मात्र भारत सरकारने २००५ साली विनापरवाना वापरासाठी मोकळा केला. तेव्हापासून ते गावचे गायरान झाले आहे. सगळ्यांची जनावरे तिथेच चरतात: शेजाऱ्यांचे वायफाय, ब्लूटूथची यंत्रे, शहरात तर स्वयंपाकघरातली मायक्रोवेव्ह भट्टीसुद्धा. या पट्ट्यात चॅनेल तेरा दिसले तरी एकमेकांच्या पायात न येणारे तीनच: एक, सहा आणि अकरा. शेजारी कोणत्यावर आहेत ते पाहून आपण दुसरा धरावा. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गर्दी कमी, पण तो भिंतीला फार भितो. राऊटर ज्या खोलीत असेल त्याच खोलीत त्याचा उपयोग.

दुसरा ढीग चमत्कारिक होता. तो दुपारचा होता, पण रोजचा नव्हता. राऊटर बोले, नेटवाल्याचे यंत्र बोलत नसे. पाच-दहा सेकंद मौन, मग पुन्हा बोलणे. पुतणीनेच तारखा जुळवल्या: वारा सुटलेले दिवस. गच्चीवर अँटेना ज्या क्लॅम्पने आवळली होती, त्याचे नट ढिले झाले होते. टॉवरकडे रोखलेली अँटेना झुळकेबरोबर मान फिरवी. पाना घेऊन आलेल्या मुलाने दहा मिनिटांत काम उरकले. ‘नेट जाते’ एवढेच सांगितले असते, तर तो वारा नसलेल्या सकाळी येऊन ‘ओके’ म्हणून गेला असता.

तिसरा ढीग तिन्हीसांजेचा. साधारण साडेसात ते साडेनऊ. यात मौनापेक्षा उशीर जास्त. तीस मिलिसेकंदांचे उत्तर तीनशेवर जाई आणि मध्येच एखादे गळे. याचे कारण समजायला हवाई बेटांवर जावे लागते. तेथील विद्यापीठात नॉर्मन अब्रॅमसन यांनी १९७१ साली बेटाबेटांवरचे संगणक बिनतारी जोडले. त्या जाळ्याचे नाव अलोहानेट. अडचण अशी, की सर्वांना बोलायला लहरींची वाट एकच. दोघे एकदम बोलले तर दोघांचेही वाया. तोड अशी काढली, की टक्कर झाली तर प्रत्येकाने मनाला येईल तितका वेळ थांबून पुन्हा बोलावे. युक्ती साधी, पण गणिताने असे दिसले की अशा बेबंद बोलण्यात वाटेचा फार तर अठरा टक्के भाग कामी येतो. बाकी टकरी आणि मोकळा वेळ. पुढे यात सभ्यता आली: बोलण्यापूर्वी दुसरा बोलत नाही ना ते ऐकावे. १९९७ साली वायफायचे पहिले मानक ठरले ते याच रिवाजावर. आता पाराच्या ओट्यावर पाच माणसे असतील तर हा रिवाज शोभतो. पन्नास असली तर ऐकण्यातच संध्याकाळ जाते. गावातली घरे संध्याकाळी एकदम जागी होतात: पोरांचे खेळ, मालिका, क्रिकेट. एकाच टॉवरवरची मर्यादित वाट सर्वांनी वाटून घ्यायची. नृसिंह जयंतीच्या यात्रेत खिशातल्या मोबाइलची रेंज आटते, तेही याच न्यायाने.

हा तिसरा ढीग घेऊन मी आणि पुतणी नेटवाल्याकडे गेलो. एकच कागद होता: डावीकडे तास, उजवीकडे तीन रकाने. मला त्या वेळी एक गोष्ट फार जाणवली. भांडण झाले नाही. इतके दिवस तो ‘ओके’ म्हणे आणि आम्ही ‘नाही’ म्हणू. दोन्ही शब्दांना माप नव्हते म्हणून आवाज चढे. कागद पाहून तो काही वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “सर, संध्याकाळी लोड येतो हे खरं आहे. त्या अँटेनावर घरं जास्त झालीत.” नवी अँटेना केव्हा बसेल याचे वचन त्याने दिले नाही, आणि हे लिहीपर्यंत ती बसलेलीही नाही. पण त्या वाक्याला कर्ता मिळाला होता. पुतणीने तोच कागद पुण्याला पाठवला आणि खाली लिहिले: सकाळी सहा ते संध्याकाळी सातपर्यंतची खात्री देते, साडेसात ते साडेनऊची देत नाही. कंपनीने तिची पाळी सकाळची केली. खोटी खात्री देण्यापेक्षा खऱ्या मर्यादेची नोंद अधिक विश्वसनीय ठरली, हे मला या सगळ्या प्रकरणाचे फळ वाटते.

सरकारदरबारी इतके दिवस मोजमाप मुख्यतः वेगाचेच होते. ‘ब्रॉडबँड’ कशाला म्हणावे याची मर्यादा २००४ साली सेकंदाला २५६ किलोबिट होती, २०१३ साली ५१२ झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये २ मेगाबिट. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ऑगस्ट २०२४ मध्ये सेवेच्या गुणवत्तेचे नवे नियम काढले, त्यांत उत्तराला लागणारा वेळ आणि गळालेल्या पॅकेटांचे प्रमाण यांचेही दंडक आहेत. हे योग्यच झाले. ग्रामपंचायतीपर्यंत काचतंतू नेण्याची योजना २०११ साली मंजूर झाली. तिलाच पुढे भारतनेट म्हणू लागले. पण पंचायतीच्या कचेरीपासून घरापर्यंतचा शेवटचा पल्ला अनेकदा बिनतारीच असतो. मुंबईच्या आयआयटीने पालघर जिल्ह्यातल्या खेड्यांत ‘ग्राममार्ग’ नावाचा प्रयोग केला. दूरदर्शनसाठी राखलेल्या पण रिकाम्या पडलेल्या लहरी त्यासाठी वापरून पाहिल्या. त्या प्रयोगाला २०१७ साली मोझिला संस्थेचे पारितोषिक मिळाले. अशी मोठी कामे होत राहोत. पण मोठ्या योजनेचा शेवटचा मीटर कोणाच्या तरी ओल्या भिंतीतून जातो, आणि त्या भिंतीची नोंद दिल्लीला ठेवता येत नाही.

आणि हा प्रश्न नोकरी करणाऱ्यांपुरता नाही. रेशनच्या दुकानात अंगठा लागत नाही म्हणून म्हातारी परत जाते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. शेवटच्या तारखेला बांधावर उभा राहून शेतकरी मोबाइल आकाशाकडे धरतो. पीकविम्याच्या शेवटच्या दिवशी सेवा केंद्रापुढे रांग लागते आणि आतून आवाज येतो, ‘सर्व्हर डाउन आहे, उद्या या.’ उद्या मुदत संपलेली असते. या माणसांच्या घरी संगणक नाही आणि वहीही नाही. त्यांचा खंड कोणत्याच रकान्यात पडत नाही. ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या एखाद्या जुन्या संगणकावर असे दहा-बारा ओळींचे काम बसवून दिले आणि महिन्याचा कागद फलकावर लावला, तर त्याला खर्च जवळजवळ काहीच नाही. गावातल्या बारावीच्या मुलांना ते सहज जमेल.

दिवाळीत आपल्याकडे वहीपूजन करतात. व्यापारी नव्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक काढतो, हळद-फूल वाहतो आणि पाडव्यापासून लिहायला लागतो. लक्ष्मी चंचल आहे, ती येते आणि जाते, हे त्याला पुरते ठाऊक असते. म्हणून तर तो वही ठेवतो. गेलेली लक्ष्मी वहीने परत येत नाही. पण कुठून गेली ते कळते, आणि येणे कोणाकडे आहे तेही कळते. यंदाच्या पाडव्याला आमच्या घरी संगणकापुढेही एक फूल वाहिले जाणार आहे. पुतणीची नोंद मात्र त्या वेळीही थांबायची नाही. दर दहा सेकंदांनी प्रश्न जातच राहील.